विनोदी इतिहास पॉडकास्टमधलं जुनं कोकण: हसायचं नक्की कोणावर?

तांबडी माती (धागाकर्ता)

विनोदी इतिहास पॉडकास्ट हा प्रकार मला मनापासून आवडतो. एसटीत, बागेला पाणी लावताना, आंबे पेटीत भरताना कानात काहीतरी चालूच असतं. बीबीसीचं 'यू आर डेड टू मी' २०१९ ला सुरू झालं तेव्हापासून ऐकतोय, त्यात ग्रेग जेनर सूत्रधार, सोबत त्या विषयाचा एक अभ्यासक आणि एक कॉमेडियन. अमेरिकेतलं 'द डॉलप' वेगळ्या पद्धतीचं, तिथे एकजण अमेरिकेच्या इतिहासातली गोष्ट वाचून दाखवतो आणि दुसऱ्याला आज विषय काय आहे हेसुद्धा ठाऊक नसतं, त्यामुळे तो जे बोलतो ते तिथल्या तिथे सुचलेलं असतं. राजे आणि लढाया सोडून लोक खायचे काय, झोपायचे कुठे, शौचाला कुठे जायचे, हे असल्या कार्यक्रमांमुळे माझ्यासारख्या माणसापर्यंत पोचलं, शाळेच्या पुस्तकात यातलं काहीच नव्हतं.

आता मराठीतही असे कार्यक्रम निघायला लागलेत आणि त्याचा आनंदच आहे. पण मध्यंतरी एकांनी जुन्या काळच्या कोकणी माणसाच्या रोजच्या जगण्यावर एपिसोड केला (नाव घेत नाही, पोरं मेहनती आहेत, बदनामी करायची नाही) आणि तो ऐकल्यापासून डोक्यात काहीतरी सलतंय. पूर्ण एपिसोडचा सूर असा की पावसाळ्यात समुद्र बंद, रस्ते बंद, म्हणजे कोकणातला माणूस चार महिने पडवीत घोंगडी घेऊन झोपायचा, उठला की पेज प्यायचा, सुकट भाजायचा आणि परत झोपायचा. यावर हशा. मग तिशीत मरायचा, यावर परत हशा.

अरे, आगोटीची (पावसाआधीच्या तयारीची) कामं म्हणजे काय हे कोणाला विचारलं तरी असतं. शेतात कवळ (तोडलेल्या फांद्या-पाला), शेण, पातेरा, गवत आणि वर बारीक माती असे थर देऊन भाजावळ करायची, ती पेटवली की तणाचं बी जळून जातं आणि त्या राखेत भाताचं रोप जोमाने येतं. घर शाकारायचं, नळे उतरवून फुटके बाजूला काढून परत बसवायचे. मातीच्या भिंती पावसाच्या माऱ्याने बसू नयेत म्हणून बाहेरून माडाच्या झापांची नाहीतर गवताची झड बांधायची. लाकडं फोडून पडवीत रचायची, शेणी माळ्यावर, आठळ्या मातीत घोळवून कोपऱ्यात, आमसुलं बरणीत, सुकी मासळी, मीठ, आणि हे सगळं मृगाच्या आत. एक गोष्ट राहिली तर ती नारळी पौर्णिमेपर्यंत मिळणार नाही हे माहीत असायचं. आणि ज्या चार महिन्यांत तो म्हणे झोपलेला, त्याच महिन्यांत नांगरणी, चिखलणी, तरवा (भाताची रोपं) काढणं, लावणी, बेणणी, सगळी भातशेती!

लावणीला वापरायचं इरलं बघा एकदा नीट. बांबूच्या कामट्यांची दुहेरी जाळी, तिच्या मधे दाबून बसवलेली पानं, डोक्यापासून कमरेच्या खालपर्यंत येतं, बाई वाकली की पूर्ण पाठ झाकली जाते आणि दोन्ही हात मोकळे राहतात. छत्री धरून तरवा लावता येत नाही, आणि रेनकोटमध्ये आतून घामाने भिजायला होतं हे ज्याने लावणी केलीय त्याला विचारा. वारा आला तर कसं तोंड फिरवायचं, बांधावर कसं उलटं ठेवायचं, जेवताना त्याच्याखाली पोर कसं निजवायचं, सगळ्याची रीत होती. त्या एपिसोडमध्ये इरल्याचा उल्लेख आहे, पण "कासवासारखे दिसायचे" एवढाच.

मला विनोद नको असं नाही, हवाच आहे. माझा प्रश्न असा की या कार्यक्रमांत आपण नेहमी त्या माणसांवर हसतो, ती माणसं स्वतः कशावर हसायची हे कोणी का सांगत नाही? ती काय दिवसभर तोंड पाडून बसायची का? माझं तर मत झालंय की ज्या एपिसोडमध्ये जुन्या माणसाचा स्वतःचा एकही विनोद नाही, त्याने रोजचं जगणं दाखवलेलंच नाही. तुम्हाला काय वाटतं? तुम्ही ऐकलेली चांगली-वाईट उदाहरणं लिहा.

---

आठळी

धागा आवडला आणि अगदी सहमत. हे फक्त कोकणाचं नाही, इंग्लंड-युरोपच्या मध्ययुगाबद्दल तर ठरलेले जोक आहेत आणि ते इतके घासून गुळगुळीत झालेत की लोक खरंच मानतात. लोक आंघोळच करायचे नाहीत, पाणी घाण म्हणून पोरंबाळंसुद्धा बियर प्यायची, मांस सडलेलं असायचं म्हणून मसाले घालायचे. तिन्ही चूक. बऱ्याच शहरांत सार्वजनिक स्नानगृहं होती. लंडनने बाहेरच्या झऱ्याचं स्वच्छ पाणी शहरात आणायला १२४५ मध्ये नळ टाकायला घेतला, पाणी कोणी पीत नसतं तर एवढा खर्च केला असता का? आणि मसाल्यांचं म्हणाल तर मिरी आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून जहाजाने, मग उंटावरून, मग परत जहाजाने जायची, तिथे पोचेपर्यंत किंमत इतकी चढायची की ज्याला मिरी परवडायची त्याला ताजं मांस कधीच परवडायचं. चांगले कार्यक्रम हे असले गैरसमज खोडून काढतात आणि तरी हसवतात, म्हणून तर ते आवडतात.

'यू आर डेड टू मी'त शेवटी अभ्यासकाला दोन मिनिटं मिळतात, मधे कोणी बोलायचं नाही, जोक नाही. मला तो भाग सगळ्यात आवडतो. अर्धा तास हसून झाल्यावर तीच व्यक्ती शांतपणे सांगते की यातलं महत्त्वाचं काय, आणि हसून मन मोकळं झालेलं असतं म्हणून ते आत जातं. आपल्याकडच्या पोरांनी बाकी सगळी नक्कल केली पण ही दोन मिनिटं नेमकी सोडली.

आणि 'द डॉलप'च्या पद्धतीत मला एक धोका वाटतो. ज्याला काहीच माहीत नाही त्याला कुठे हसू येतं यावर गोष्टीतला विनोद ठरतो. तो शहरातला आजचा माणूस असतो, त्यामुळे त्याच्या सवयीचं नसेल ते सगळं विचित्र. तिथे अमेरिकन लबाड पुढारी आणि भोंदू डॉक्टर असतात म्हणून चालून जातं, त्यांच्यावर हसावंच. तीच पद्धत लावणी करणाऱ्या बाईला लावली की बिघडतं.

---

वाशिष्ठीकाठ

तिशीत मरायचे या जोकबद्दल लिहायलाच हवं, कारण मी शिकवतो आणि वर्गात दर वर्षी एक तरी मुलगा उठून हे म्हणतो. आता तर पॉडकास्टचा हवाला देऊन म्हणतात.

फळ्यावर मी असं मांडतो. दहा मुलं जन्मली. त्यातली चार पहिल्या वर्षातच गेली, उरलेली सहा साठीपर्यंत जगली. सरासरी काढा, छत्तीस येते. आता या दहा जणांत छत्तिसाव्या वर्षी मेलेला एक तरी माणूस आहे का? नाही. म्हणजे आकडा खरा आणि चित्र खोटं. १९११ ते १९२१ या दशकात हिंदुस्थानातलं सरासरी आयुर्मान विसाच्या आसपास होतं, त्यात १९१८ च्या इन्फ्लुएंझाचा मोठा वाटा. त्या काळीही गावात म्हातारेकोतारे होतेच, नातवंडांना गोष्टी सांगणारे होतेच.

पण पुढचं मी मुलांना मुद्दाम सांगतो. त्या चार मुलांची आई होती. एका बाळंतपणाला सुईणीशिवाय कोणी नाही, पावसात नदी भरली तर तीही येणार नाही, आणि पोर गेलं तरी आठवड्याभरात ती शेतात. सरासरीवरचा जोक ऐकताना हे कोणाच्या डोळ्यासमोर येत नाही. हसू नका असं मी म्हणत नाही हो, पण तो आकडा कशाचा आहे तेवढं सांगून मग हसा.

---

पडाव

मी स्वतः या क्षेत्रात आहे, धाग्यात ज्यांच्याबद्दल लिहिलंय ते आम्ही नव्हे, पण आमचंही इतिहास आणि विनोदाचं काम चालतं, म्हणून दुसरी बाजू.

पहिली गोष्ट वेळ आणि पैसा. नोकरी करून रात्री स्क्रिप्ट लिहायची, रविवारी रेकॉर्डिंग, मग एडिट. परदेशात यासाठी वेगळे रिसर्च करणारे असतात, आपल्याकडे एकच माणूस वाचतो, लिहितो, बोलतो आणि कव्हरही बनवतो. दुसरी गोष्ट, पूर्ण एपिसोड फार थोडे ऐकतात, बाकी सगळे एका मिनिटाची क्लिप बघतात. दोन मिनिटं शांत बोललेला भाग क्लिपमध्ये कधीच जात नाही, जातो तो जोक. तुम्ही इरल्याबद्दल जे लिहिलंत ते आम्ही बोललो असतो आणि तरी तुमच्यापर्यंत कासवच पोचलं असतं.

तिसरी गोष्ट जास्त अवघड आहे. आम्हाला वाचायला मिळतं काय? कोकणाच्या रोजच्या जगण्यावर एका जागी मिळणारं म्हणजे इंग्रजांचं गॅझेटियर. रत्नागिरी-सावंतवाडीचा खंड १८८० चा, कुलाब्याचा १८८३ चा. त्यात घरं, भांडी, कपडे, खाणं, होड्यांचे प्रकार, सण, सगळं आहे आणि ते सोनं आहे. पण ते अधिकाऱ्याच्या नजरेचं आहे. कोणती जात आळशी, कोणती कष्टाळू, कोणती भांडखोर, असे शिक्के मारून ठेवलेत, कारण सारा वसूल करणाऱ्याला तेच हवं होतं. तेच वाक्य आपण आज विनोद म्हणून वाचतो तेव्हा तो शिक्का आपणच परत मारतो. हे माझ्याही उशिरा ध्यानात आलं. मग दुसरं काय वाचायचं, हा माझा खरा प्रश्न आहे, रागावून विचारत नाहीये, मदत हवीय.

---

वेंगुर्लेकरीण

माका एक सांगूचा आसा. तुमी सगळे पॉडकास्ट पॉडकास्ट करतास, पण ह्या काम आमच्या दशावतारात पिढ्यान्‌पिढ्या चलता. संकासुर येता तो मालवणीत बोलता, सूत्रधाराची फिरकी घेता, समोर बसलेल्या गावकऱ्यांकव सोडना नाय. लिवलेला काय नसता, सगळा उभ्या उभ्या सुचता तसा.

बाकीचं सगळ्यांना कळेल असं लिहिते. आमच्या दशावताराचे दोन भाग, आधी आड-दशावतार (पूर्वरंग, संकासुराचं सोंग येतं ते यातच) आणि मग आख्यान. आख्यान पुराणातलं, राजा-राणी-राक्षस, पण संवाद लिहिलेले नसतात, नट आपल्या मनाने बोलतो, त्यामुळे पुराणातला राजा बोलता बोलता गावच्या पाणंदीवर येतो, सरपंचावर येतो, गॅसच्या किमतीवर येतो. पेटी, मृदुंग, झांज एवढंच साहित्य, ट्रंका डोक्यावर घेऊन जत्रेतून जत्रेत. म्हणजे जुना काळ घेऊन त्यात आजचं हसू भरायचं हे कोकणाला नवीन नाहीच. फरक असा की संकासुर गावातल्या वजनदार माणसाला टोचतो, आणि ज्याला टोचतो तो समोरच बसलेला असतो, त्याला उत्तर द्यायची मुभा असते. पॉडकास्टमध्ये ज्यांच्यावर हसतात ते कधीच मेलेत, त्यांनी उत्तर द्यायचं कुठून?

पडाव, तू विचारलंस वाचायचं काय, तर आधी ऐक. बायकांच्या जात्यावरच्या ओव्या ऐक. महाराष्ट्रभरच्या बायकांनी गायलेल्या लाखावर ओव्या जमवून ठेवल्यात, पारीच्या (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) वेबसाइटवर त्यातल्या बऱ्याच आवाजासकट आहेत. पहाटे उठून दोघी जात्याला बसायच्या आणि सासू, नणंद, दीर, लांब दिलं म्हणून बाप, सगळ्यांचा हिशेब तिथे व्हायचा. त्यात रडणं आहे, तसं चिमटेही आहेत आणि ते फार धारदार आहेत. तसंच झिम्मा-फुगडीची गाणी, शिमग्यातली सोंगं, नमनातली गवळण आणि तिच्यातली मावशी. रोजच्या जगण्यावरचा त्यांचा विनोद इथे आहे, गॅझेटियरमध्ये शोधून मिळायचा नाही.

---

भाऊचा धक्का

वेंगुर्लेकरीण ताईंना +१. गॅझेटियर कशाला, घरात म्हातारी माणसं आहेत तोवर त्यांच्यापाशी बसा.

मी बोटीबद्दल लिहितो कारण त्याच एपिसोडमध्ये (मीही ऐकलाय, ओळखला) मुंबई-कोकण बोटीवर दहा मिनिटं आहेत आणि ती सगळी ओकाऱ्यांवर आहेत. बोट लागायची हे खरंच, डेकवर गर्दीत एकाला लागली की सगळ्यांना. पण त्या प्रवासातलं खरं थरारक सोडून दिलंय. बऱ्याच बंदरांना धक्काच नव्हता. बोट लांब खोल पाण्यात उभी राहायची, किनाऱ्यावरून पडाव (माणसं-सामान नेणारी होडी) बोटीला जाऊन लागायचा आणि मग लाटेने पडाव वर आला की त्या नेमक्या क्षणी शिडीवरून पाय टाकायचा, उशीर झाला की पडाव खाली गेलेला. पोरं खलाशी झेलायचे. म्हाताऱ्या, गरोदर बायका, ट्रंका, कोंबड्या, आंब्याच्या पेट्या सगळं असं चढायचं-उतरायचं, आणि किनाऱ्याजवळ पडाव वाळूला टेकला की खलाशी खांद्यावर घेऊन माणसं कोरड्यात सोडायचे. यात विनोद नाही का? भरपूर आहे. खलाशाच्या खांद्यावर बसलेला सुटाबुटातला चाकरमानी आणि किनाऱ्यावर बघायला जमलेला आख्खा गाव, यावर गावाने किती दिवस हसून घेतलं असेल.

आणि एक राग आलाय तो लिहितो. त्याच ओकाऱ्यांच्या ओघात "रामदास बोट बुडाली तेव्हा तर" असं म्हणून एक कोटी केलीय आणि पुढे गेलेत. १७ जुलै १९४७, मुंबईहून रेवसला निघालेली बोट, सहाशेच्या वर माणसं गेली. सणाला घरी निघालेली माणसं होती. आमच्या अलिबागच्या बाजूला असं गाव शोधून दाखवा जिथे त्याची आठवण नाही. मच्छीमारांनी होड्या घालून जेवढ्यांना काढता आलं तेवढ्यांना काढलं, त्यांची गोष्ट कोणी सांगत नाही. स्वातंत्र्य महिन्यावर आलेलं असताना इथल्या घरांत सुतक होतं. यावर विनोद करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. इथे थांबा, दोन मिनिटं गप्प बसून सांगा, मग पुढे जा.

---

तांबडी माती

भाऊ, तो भाग मी धाग्यात मुद्दाम लिहिला नव्हता, लिहिताना हात आखडला. तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत, अगदी मनातलं.

मास्तर, तुमची दहा मुलांची सरासरी मी घरी पोरांना सांगितली, लगेच पटली.

पडाव, मदत नक्की. दिव्याचं उदाहरण घे. रॉकेल घरोघरी पोचायच्या आधी आमच्याकडे उंडीच्या बियांचं तेल दिव्याला असायचं. बिया गोळा करायच्या, सुकवायच्या, फोडायच्या, घाणीवर न्यायच्या. त्या दिव्याला धूर आणि वास दोन्ही, म्हणून रात्रीची कामं मोजकी. अंधार पडला की झोपायचे यावर जोक करतात, पण एका रात्रीच्या उजेडामागे किती जणांचे हात होते हे सांगितलं तर ऐकणारा तोंडात बोट घालेल.

---

भाऊचा धक्का

घाणीवरून आठवलं म्हणून अवांतर. आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर बेने इस्राएल ज्यू लोक तेलाच्या घाणी चालवायचे, शनिवारी त्यांचा शब्बाथ म्हणून घाणी बंद, त्यावरून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचा. आडनावं गावावरून, पेणकर, रेवदंडेकर अशी, भाषा मराठी. म्हणजे शेजारच्या बाईला शुक्रवारीच तेल आणून ठेवायला लागायचं, धर्म कोणाचा आणि बेत कोणाच्या स्वयंपाकाचा बदलतो! रोजचं जगणं दाखवायचं तर असं काहीतरी घ्या की, ऐकताना आपोआप हसू येतं आणि कोणाचा अपमान होत नाही.

---

लाल पोहे

सगळं वाचलं. चर्चा चांगली आहे पण मला एक टोचतंय आणि ते बोलल्याशिवाय राहवत नाही. तुम्ही सगळे जुन्या कोकणी माणसाची बाजू घेताय, त्याचे कष्ट, त्याची हुशारी, सगळं बरोबर. पण कोणता कोकणी माणूस?

याच एपिसोडमध्ये विहिरीवर एक भाग आहे. बायका पाणवठ्यावर जमायच्या, गप्पा मारायच्या, तेच त्यांचं व्हॉट्सअ‍ॅप. गोड आहे, मलाही क्षणभर हसू आलं. पण आमच्या घरातल्या बायका त्या विहिरीवर नव्हत्या. त्या बाजूला उभ्या असायच्या, कोणीतरी वरून पाणी घालेल याची वाट बघत, आणि कोणी आलंच नाही तर रिकामी घागर घेऊन परत. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करायचा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ ला झाला, महाड नगरपालिकेने चवदार तळं १९२४ मध्ये खुलं करायचं ठरवलं, आणि तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारो माणसं घेऊन ते पाणी प्यायला जावं लागलं. तळ्याच्या दाव्यात हायकोर्टाचा निकाल लागला १९३७ ला. महाड कोकणातच आहे ना? मग कोकणाच्या रोजच्या पाण्यावर एपिसोड करताना हे कसं सुटतं?

तसंच खोत, म्हणजे गावचा सारा गोळा करणारा वतनदार. विनोदी कार्यक्रमात खोत म्हणजे पोट सुटलेला, रागीट पण मनाने चांगला म्हातारा. कुळांना वेठीला जावं लागायचं, खोताच्या शेतावर फुकट राबायचं, पिकातला मोठा हिस्सा द्यायचा. खोती रद्द करायचं विधेयक बाबासाहेबांनी १९३७ ला मांडलं आणि कायदा झाला १९४९ ला. त्याआधीच अलिबागजवळ चरीला शेतकऱ्यांनी १९३३ पासून १९३९ पर्यंत संप केला, नारायण नागू पाटील पुढारी, सहा वर्षं जमिनी कसल्या नाहीत, लाकडं विकून आणि खाडीतले मासे धरून दिवस काढले. त्या सहा वर्षांत त्यांच्या चुली कशा पेटल्या, लग्नं कशी झाली, सण कसे केले, रोजचं जगणं म्हणतात ते हेच ना?

आणि धागाकर्त्याने विचारलंय की ती माणसं कशावर हसायची. आमची माणसं जलशात हसायची. आधी सत्यशोधक जलसे आणि मग आंबेडकरी जलसे. भटजी, सावकार, खोत यांची सोंगं काढून लोकांना पोट धरून हसवायचे आणि त्याच रात्री शाळेत पोरं घाला, मेलेलं ढोर ओढू नका हेही सांगायचे. याहून चांगली इतिहासाची विनोदी मैफल कुठली असेल?

---

आठळी

लाल पोहे, फार महत्त्वाचं लिहिलंत. मला वाटतं हा प्रतिसाद धाग्यात वर असायला हवा.

तुमच्यामुळे एक गोष्ट लख्ख झाली. चांगल्या विनोदी एपिसोडमध्ये हसू वरच्यावर असतं, खालच्यावर नसतं. ज्याच्या हातात काठी होती त्याची फजिती सांगा ना. चरीच्या संपात पडीक जमिनीकडे बघत बसलेला खोत हे काय कमी मजेदार पात्र आहे?

बाकी काळाची सरमिसळ हा वेगळा मुद्दा, त्यावर थोडंसंच. एका स्केचमध्ये १६६४ ला सिंधुदुर्गाचं बांधकाम चालू आहे आणि कामगार चहा पिताना आणि बटाटेवडा खाताना दाखवलेत. मुद्दाम गंमत म्हणून केलं असेल तर माझी हरकत नाही, ऐकणाऱ्याला कळलं पाहिजे एवढंच. चहाची सवय आपल्याकडे विसाव्या शतकात जाहिराती करकरून लावलीय. त्यापेक्षा सिंधुदुर्गाची खरी गोष्ट किती भारी आहे, चहूबाजूंनी खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. एवढे कामगार समुद्रात दगड रचत होते तर त्यांना पाणी कोण काढून देत होतं, जेवण कोण रांधत होतं, यावर कोणी बोलेल तर मी दहा वेळा ऐकेन.

---

वाशिष्ठीकाठ

पडाव, वाचण्याबद्दल माझ्याकडून भर. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे. घरावर कर्ज झालं म्हणून दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले, झाशीच्या वेढ्यात होते. पुढे त्यांनी लिहिलेलं 'माझा प्रवास' १९०७ ला छापलं गेलं. लोक त्यात लढाई शोधतात, पण मी मुलांना वाचून दाखवतो ते चालणं, मुक्काम, जेवण, पैसे लपवणं आणि लुटलं जाणं. सामान्य माणसाने स्वतःच्या तोंडाने सांगितलेलं आहे. अर्थात तो एका जातीतल्या पुरुषाचा आवाज आहे हे लाल पोहे यांचं ऐकून सांगायलाच हवं, म्हणून ओव्या आणि जलसे सोबत घ्या.

रत्नागिरीत थिबा राजावर कोणीतरी एपिसोड करणार असं ऐकतोय. ब्रह्मदेशचा राजा, इंग्रजांनी १८८६ मध्ये आणून ठेवला, राजवाडा मिळाला १९१० ला आणि १९१६ ला इथेच गेला. मंडालेचा राजा कोकणच्या पावसात, जोक आपोआप सुचतील. पण त्याची नात याच रत्नागिरीत अत्यंत गरिबीत जगली, आजूबाजूच्या बायकांसारखीच, मराठी बोलत. करणाऱ्यांना विनंती की राजवाड्यातून बाहेर पडून तिच्या घरापर्यंत जा.

---

पडाव

सगळ्यांचे मनापासून आभार. लाल पोहे, तुमचा प्रतिसाद मी आमच्या दोघा साथीदारांना तसाच्या तसा पाठवला. विहिरीवरचा भाग आमच्या पुढच्या एपिसोडच्या स्क्रिप्टमध्येही होता, जवळपास त्याच पद्धतीने लिहिलेला, तो काढून पाण्यावर पूर्ण एपिसोड करायचं ठरतंय, महाडपासून सुरू करून. तुम्ही बोलायला याल का? कॉमेडियन समोर असेल, पण शेवटची वेळ फक्त तुमची, मधे कोणी बोलणार नाही आणि तो भाग क्लिप म्हणूनही आम्ही टाकू, चालो न चालो.

ताई, तुमच्याकडे जत्रेच्या दिवसात येऊन दशावतारी नटांशी बोलायचं आहे, आणि लावणी केलेल्या दोन-तीन आज्यांशी. प्रश्न कच्चे लिहिलेत: झड कधी बांधायची, तरवा काढताना कोणती गाणी, पहिल्यांदा बोटीत कधी बसलात, कोणाची नक्कल करून सगळ्यात जास्त हसायचात, घरातलं कोण कोणाला घाबरायचं.

---

लाल पोहे

येईन. पण मी एकटा नको, माझी आत्या येईल, ती जलसे बघत मोठी झाली, तिला गाणी अजून पाठ आहेत. तिला स्टुडिओत बोलावू नका, घरी या.

---

वेंगुर्लेकरीण

येवा रे, घर आपलाच आसा. फक्त आत्ता पावसात येऊ नकोस, नळ्यांवर पाऊस पडतो तेव्हा शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नाही, तुझ्या माइकला काय येणार. कापणी-झोडणी आटपली की आज्या मोकळ्या होतात, जत्राही कार्तिकातच सुरू होतात. आणि तो शेवटचा प्रश्न पहिला विचार, नकला कोणाच्या करायचात तो, बाकी सगळं त्या आपणहून सांगतील. रात्री दहाच्या आत निघायचं ठरवून येऊ नकोस म्हणजे झालं, दशावतार पहाटेपर्यंत चालतो.